आज डोंगर दिसतो का?

बँकेत असताना मी उसाला कर्ज मंजूर करीत असे. लागणीला एकरी किती, खोडव्याला किती, खताचे किती, ही कोष्टके मला तोंडपाठ होती. तोड झाल्यावर रानात उरलेल्या पाचटाचे काय करणार, हा रकाना मात्र अर्जात नव्हता आणि मीही तो प्रश्न कधी कुणाला विचारला नाही.

निवृत्तीनंतर उंब्रजला घरच्या शेतीकडे आलो. गेल्या जानेवारीत आमचा ऊस तुटला. शुक्रवारी संध्याकाळी वाटेकऱ्याचा फोन आला, ''सायेब, पाचट पेटवू का? बुडखं छाटून पाणी सोडायचं हाय.'' मी कादंबरीच्या एका अडलेल्या प्रकरणात गुंतलो होतो. ''पेटव,'' म्हणालो आणि पुन्हा लिहायला बसलो.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. सातवीतल्या नातीला सोडायला गेलो. कृष्णा आणि तारळी जिथे भेटतात त्या आमच्या खोलगट भागात थंडीच्या दिवसांत पहाटेची गार हवा तळाशी बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. रात्रीचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडला होता. मैदानावर प्रार्थना संपून प्राणायाम सुरू झाला होता. सर सांगत होते, ''दीर्घ श्वास घ्या.'' मुले आज्ञाधारकपणे घेत होती आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकत होती. नात म्हणाली, ''आजोबा, कुणीतरी पाचट पेटवलंय.'' मी काही बोललो नाही.

शाळांतून पर्यावरणाचे काम होत नाही असे नाही. राष्ट्रीय हरित सेना या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, 'माझी वसुंधरा' अभियान २०२० साली सुरू झाले. पण मुलांच्या वाट्याला येतात त्या बहुधा घोषणा, रांगोळ्या आणि प्रभातफेरी. धुरातून चाललेली प्रभातफेरीही मी पाहिली आहे! माझे म्हणणे एवढेच, की मुलांना सजावटीचे काम देऊ नका, खरे काम द्या. आणि खरे काम म्हणजे ज्याच्यावरून शाळेचा त्या दिवसाचा बेत बदलतो ते.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत आला, आकाश नारिंगी झाले आणि शाळांनी मुलांचे मैदानावरचे कार्यक्रम बंद केले. अमेरिकेत अनेक शाळा हवेच्या प्रतीप्रमाणे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा झेंडा रोज खांबावर चढवतात. पुष्कळ ठिकाणी तो मुलेच चढवतात.

आपल्याला झेंडेही लागणार नाहीत. शाळेच्या दाराशी एक पाटी पुरे. दोन मुलांची पाळी लावावी. त्यांनी रोज मैदानातून पाहावे: समोरचा डोंगर दिसतो का, नसेल तर पाण्याची टाकी, तीही नसेल तर देवळाचा कळस तरी? धुके असेल तरीही डोंगर दिसत नाही, हे खरे. पण धुक्याला वास नसतो आणि धुराला असतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना कुणी शिकवायला नको. पुढे काही हजार रुपयांत मिळणारे छोटे मापनयंत्र घेता आले तर उत्तमच. कारण धुरातले जे कण खरे घातक, ते अडीच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट लहान. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. घनमीटर हवेत असे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्या देशाला चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे.

पाटीवर 'डोंगर दिसत नाही, धुराचा वास आहे' असे लिहिले, की त्या दिवशी प्राणायाम नाही, धावणे नाही, खो-खोचा सराव नाही. धावताना मूल कितीतरी पट अधिक हवा ओढते. धूर येतो त्या बाजूच्या खिडक्या बंद. वर्ग झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. कौलांच्या फटींतून धूर येणारच, पण कमी येईल. नाकाला रुमाल बांधून मात्र समाधान मानू नये, हे कण रुमालातून आरपार जातात. आणि मुख्याध्यापकांनी ही पाटी मानायची. मुलांनी लिहिले आणि शाळेने ऐकले नाही, तर ती पुन्हा रांगोळीच झाली.

न्यूयॉर्कच्या मुलांना धुराचा मालक ठाऊक नव्हता. आमच्या मुलांना ठाऊक असतो. तो त्यांचा बाप असतो, चुलता असतो, किंवा माझ्यासारखा आजोबा. म्हणून मला भीतीही वाटते. मुलांना पाळतीवर बसवू नये, कुणाचे रान पेटले त्याची नावे पाटीवर येऊ नयेत. पेटवणाऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. पाचट जाळू नका, सरीत ठेवून कुजवा, असे तिथली मंडळी किती वर्षे सांगत आहेत. ओल टिकते, तण कमी होते, जमिनीला सेंद्रिय खत मिळते. पण कुट्टीला पैसे लागतात आणि पेटवायला एक काडी. बारा एकरांत तीन घरे जगवणाऱ्याला मी काय सांगणार? पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र सबब नाही.

मुलांनी घरी एकच प्रश्न न्यावा, तोडीच्या आधी: ''यंदा पाचट ठेवायचं का?''

चाफळकडच्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्चनंतर रात्री आगीच्या माळा दिसतात, त्याविषयीही असेच. गवत जाळले की पुढच्या वर्षी जोमाने येते, ही समजूत जुनी आहे. तिथे मुलांना वणवा विझवायला कुणी नेऊ नये, ते वनखात्याचे आणि मोठ्या माणसांचे काम. वणव्याचे आणि वार्षिक परीक्षेचे दिवस एकच असतात, एवढे मुलांनी गावाला पाटीवरून कळवले तरी पुष्कळ झाले.

आमची यंदाची तोड जवळ आली आहे. परवा जेवताना नातीने तो प्रश्न मला विचारला. गेल्या वर्षीचा धूर कुणाचा होता, हेही मी तिला सांगून टाकले. ती ताटाकडे बघत राहिली. वाटेकरी म्हणतो, ''मशिन मिळालं तर कुट्टी करू, सायेब, पर भाडं तुमी द्यायचं.'' मी कबूल केले आहे. मशीन अजून मिळालेले नाही.