पेटीची चावी



गेल्या महिन्यात कुडाळजवळच्या एका वाडीत गेलो होतो. वीस वर्षे मंडळ एकहाती चालवणारे सचिव वारले, त्याला अडीच महिने झाले होते. विहाराशेजारी अभ्यासिकेचे चिऱ्याचे जोते उभे आहे, मुंबई शाखेची वर्गणीही बँकेत जमा आहे. पण खात्यावर सही सचिवांची आणि अध्यक्षांची. अध्यक्ष तर दोन वर्षांपूर्वीच गेले. दहावीची मुले अजून पडवीत अभ्यास करतात. वहिनी म्हणाल्या, "भावजी, कागदांची पेटी तशीच आसा. चावी कोणाकडे देव?"

आपला कार्यकर्ता पदरमोड करून राबतो, म्हणून त्याला हिशेब विचारणे आपल्याला अपमान वाटतो. त्यालाही दुसऱ्याच्या हाती वही देणे जड जाते. दोष दोघांचा.

खुद्द बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. शाहू महाराजांच्या 2,500 रुपयांच्या मदतीने 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला शिकायला गेले, पत्र इतरांच्या हाती आले आणि 1923 मध्ये बंद पडले. पुढे 8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 मध्ये मुंबईत सुरू झाले, औरंगाबादचे महाविद्यालय 1950 मध्ये. 6 डिसेंबर 1956 नंतरही तिथले वर्ग भरतच राहिले.

आपल्या मंडळाचे काय? विश्वस्त वारला, निवृत्त झाला किंवा नवा निवडला, की 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या माणसाची संमती, सगळे जोडून. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज, म्हणजे आणखी हेलपाटे. बँकेत तीन सह्या ठेवाव्यात, त्यांपैकी कोणत्याही दोन चालतील असा ठराव करावा. हिशेबाची एक प्रत दरवर्षी मुंबईकरांकडे जावी. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतील.

आणि एक. वाडीवाडीत आपल्या भगिनींचे बचत गट आहेत. दरमहा सभा, इतिवृत्त, कर्जाची नोंद, पासबुक, सारे त्या सांभाळतात. मंडळाच्या कार्यकारिणीत मात्र त्यांना भोजनदानाच्या दिवशी तेवढे बोलावतात! खजिनदार शोधायला लांब कशाला जायचे?

त्या वाडीची सभा आता ठरली आहे. इतिवृत्त लिहायला बचत गटाची सचिव बसणार आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी कुरकुर केली, पण नोटिशीवर सही केली. सचिवांच्या नोंदीसाठी मुदतीचे थोडेच दिवस उरलेत. अध्यक्षांच्या नोंदीला विलंब माफी मागावी लागेल. पेटी सभेतच उघडायची, असे वहिनींनी सांगितले आहे.