कर्णभूषण की कर्णरक्षण?

इअरफोन या वस्तूविषयी आमच्या मध्यमवर्गीय घरांत सध्या दोन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. कानांत ही बोंडे घातल्यापासून मुले बहिरी, एकलकोंडी आणि बेपर्वा झाली, असे हा पक्ष उठता-बसता सांगत असतो. दुसरा पक्ष तरुणांचा. गेल्या वर्षी घेतलेला इअरफोन या वर्षी जुना झाला, आता 'अपग्रेड' हवे, आणि जितका पैसा अधिक तितका स्वर चांगला, अशी त्याची श्रद्धा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष सारखेच चुकतात, आणि त्यांच्या चुकीचे मूळही एकच आहे. ज्या गोंगाटात आपले कान दिवसभर नांदतात त्या गोंगाटाचा विचार दोघांपैकी कोणीही करीत नाही.

प्रथम वडीलधाऱ्यांचा आक्षेप पाहू. आपल्या देशाच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. अंधेरीचा स्वामी विवेकानंद मार्ग, घाटकोपर-मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग, किंवा गर्दीच्या वेळची उघड्या दारांची लोकल यांना ही मर्यादा ठाऊक तरी आहे काय? भोंगे, मिरवणुका, बांधकामे आणि शेजारच्या उतारूच्या फोनमधून मोकळ्यावर वाजणारी चित्रफीत हे सारे आपण निमूटपणे सोसतो, आणि दोष मात्र मुलाच्या कानातल्या दोन लहान बोंडांना देतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून निराळे नव्हे.

तथापि वडीलधाऱ्यांचे भय निराधार आहे, असेही म्हणता येत नाही. मनुष्याच्या अंतःकर्णात जन्मतः सुमारे साडेपंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे ज्ञानतंतूंच्या संदेशात रूपांतर करणाऱ्या या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी : प्रौढांनी 80 डेसिबलच्या पातळीवर आठवड्यास 40 तासांपर्यंत ऐकावे, मुलांसाठी तितक्याच तासांना 75 डेसिबल. पातळी दर 3 डेसिबलने चढली की अवधी निम्मा होतो. म्हणजे प्रौढास 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला अवघे 5 तास. आता बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन दोन तास प्रवास करणारा कारकून घ्या. आठवड्याचे सहा दिवस धरले तर त्याचे बारा तास गाडीत जातात. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी त्याने आवाज 86 पर्यंत चढविला, तर पाचव्या दिवशीच त्याची आठवड्याची शिधा संपते. आणि तो आवाज चढवितो तो हौसेने नव्हे. ढिल्या बसणाऱ्या इअरफोनच्या फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून.

येथेच निवडीचा खरा प्रश्न उपस्थित होतो. ज्या इअरफोनची बोंडे कर्णरंध्र नीट बंद करतात आणि ज्यांची वायर कानाच्या पाळीवरून मागे वळवून घेतलेली असते, असा एक प्रकार आहे. हौशी मंडळी त्यास 'आयईएम' म्हणतात. त्याचा जन्म ग्राहकांच्या चैनीसाठी झालेला नाही. रंगमंचावरील कर्ण्यांच्या गदारोळात गायक-वादकांना स्वतःचा स्वर ऐकू यावा, ही त्यामागील गरज. 1995 साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी अशी बोंडे घडविली. त्यापूर्वी 1991 मध्ये एटिमोटिक कंपनीने कर्णरंध्र बंद करणारा आपला ईआर-4 बाजारात आणलाच होता. वायर कानावरून नेण्यातही नखरा नाही. तिचा भार पाळी पेलते, हिसका बसला तर बोंड सहसा निसटत नाही, आणि सदऱ्यावर वायर घासल्याने होणारी खसखस कानापर्यंत कमी पोहोचते. बोंड नीट बसले तर बाहेरचा गोंगाट वीस-पंचवीस डेसिबलने उतरू शकतो, आणि गाडीतही घरातल्याइतक्याच हळू आवाजात ऐकता येते. कानांचे रक्षण होते ते या शांततेने, किमतीने नव्हे.

दुकानात मात्र नावापासूनच घोटाळा असतो. 'ओव्हर-इअर' म्हटले की कोणी संपूर्ण कान झाकणारी वाटीसारखी टोपणे दाखवितो, तर कोणी कानावरून वायर नेलेली बोंडे पुढे करतो. ग्राहकाने आपणास काय हवे ते साध्या शब्दांत सांगावे : बोंड कानाच्या आत, वायर कानावरून, आणि वायरीवर मायक्रोफोन.

आता तरुणांच्या श्रद्धेकडे वळू. येरून ब्रेबार्ट या डच संशोधकाने 283 हेडफोन मोजून 2017 साली अमेरिकेतील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि निरनिराळ्या स्वरपट्ट्यांस त्याने दिलेला प्रतिसाद यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण इतक्या काटेकोरपणे क्वचितच सिद्ध झाली असेल. एका बोंडात किती ध्वनिनिर्माते बसविले आहेत याची संख्या डब्यावर ठळक छापतात. पण संख्येने स्वर सुधारता, तर दहा तबलजी बसविणाऱ्या बैठकीची सर एका तबलजीच्या बैठकीस आली नसती.

मग परीक्षा कशी करावी? दुकानदार जी धमधमणारी गाणी ऐकवितो ती ऐकून मुळीच करू नये. त्या धमधमाटात उत्तम आणि सुमार दोन्ही सारखेच भासतात. आपल्याकडे याहून चोख कसोटी आहे, ती तंबोऱ्याची. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात एका तारेतून अनेक उपस्वर उमटतात. ते वेगवेगळे उमलताना ऐकू येतात की त्यांचा नुसता भणभणाट होतो, हे पाहावे. दुसरी कसोटी तबल्याची. आपल्या चर्मवाद्यांवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले. तो सुसंवाद ज्या इअरफोनमधून ऐकू येत नाही, तो कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नव्हे. तिसरी कसोटी मराठी बोलण्याची. बातम्या किंवा व्याख्यान हळू आवाजात लावून 'स' आणि 'श' स्पष्ट वेगळे येतात का, हे ऐकावे. आणि या साऱ्याआधी बोंडांची तिन्ही मापे घालून पाहावीत. उजव्या कानास एक माप आणि डाव्यास दुसरे, असेही असू शकते. बोंड ढिले बसले की प्रथम खर्ज नाहीसा होतो, मग ग्राहक आवाज चढवितो, आणि दोष मात्र इअरफोनास देतो.

'वायर ही मागासलेली गोष्ट, आता बिनतारी युग आहे,' असे यावर उत्तर येईल. बिनतारी यंत्रांतील गोंगाट मारण्याची युक्ती खरोखर स्तुत्य आहे. बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र प्राध्यापक अमर बोस यांना 1978 साली विमानप्रवासात तिचा ध्यास लागला आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसा हेडफोन विक्रीस काढला. ज्यास परवडते आणि मेट्रोच्या गर्दीत वायर अडकण्याचे भय वाटते, त्याने तो जरूर घ्यावा. परंतु त्याच्या मर्यादा विक्रेता सांगत नाही. ही युक्ती इंजिनाच्या सलग घुमण्यावर जितकी चालते तितकी भोंग्यावर किंवा बोलण्यावर चालत नाही. आतील बॅटरी काही वर्षांत थकते, आणि ती बहुधा बदलता येत नसल्याने सारा ऐवज कचऱ्यात जातो. शिवाय मायक्रोफोन सुरू होताच पुष्कळशा बिनतारी यंत्रांत ऐकू येणाऱ्या आवाजाचाही दर्जा उतरतो. नव्या पद्धतीने ही अडचण कमी होत आहे, पण सर्वांच्या फोनपर्यंत ती पोहोचलेली नाही. वायरीवरचा मायक्रोफोन हनुवटीजवळ लोंबतो, म्हणून बोलणे स्वच्छ जाते. वायर तुटली आणि ती सुटी होणारी असली, तर तेवढीच बदलता येते. दीड-दोन हजार रुपयांत अशी वस्तू आज मिळते. मात्र आपल्या फोनास गोल छिद्र आहे की टाइप-सी, हे आधी पाहावे. अन्यथा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हावयाचा.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. कान बंद करणारी वस्तू रुळांजवळ आणि रस्त्यावर प्राणघातक ठरू शकते. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही. फलाटावर, पुलावर, रस्ता ओलांडताना कान उघडे असावेत, आणि गाडीत बसल्यावरच बोंडे घालावीत. आपल्या दमट हवेत कानांत बुरशी लवकर धरते. म्हणून बोंडे वरचेवर धुऊन कोरडी करावीत, दुसऱ्याची वापरू नयेत, आणि कान दुखत-वाहत असताना मुळीच घालू नयेत. घरात तर एक कान आईच्या हाकेस मोकळा ठेवण्याइतका विवेक तरुणांनी दाखवावा. हा नियम कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

तात्पर्य, ज्याने आवाज सर्वांत कमी ठेवूनही सर्व काही ऐकू येते तोच इअरफोन श्रेष्ठ, मग त्याच्या डब्यावर काहीही छापलेले असो. वडिलांनी मुलाच्या कानातून तो ओढून काढण्यापूर्वी त्याचा आवाज किती ठेवला आहे हे पाहावे, आणि मुलाने नव्याचा हट्ट धरण्यापूर्वी जुन्याची बोंडे बदलून पाहावीत. आणि दोघांनी मिळून, गल्लीतला कर्णा रात्री 10 नंतरही वाजत राहिला तर पोलिसांकडे तक्रार करावी. कारण कानांत बोंडे घालून शहराच्या गोंगाटातून सुटका करून घेणे हा आपद्धर्म आहे. तो शहराचा नित्यधर्म होऊन बसला, तर पुढच्या पिढीस शांतता ही विकत घेण्याची वस्तूच वाटेल.