एक वर्ष वांचेल काय ?

गेल्या महिन्यांत पुण्यांतील एका वृद्ध वाचकांचें आम्हांस पत्र आलें. त्यांचे धाकटे चिरंजीव गेलीं वीस वर्षें न्यूजर्सींत आहेत. त्यांची मुलगी तेथील हायस्कूल संपवून आतां इंजिनिअरिंगला जाणार. हायस्कुलांत असतांनाच तिनें 'ए. पी.' नांवाच्या सहा परीक्षा दिल्या, आणि वडिलांनीं कागदावर हिशेब मांडून ठरविलें कीं, चार वर्षांची पदवी तीन वर्षांत आटपेल व एका वर्षाचा खर्च वांचेल. आईला हें पसंत नाहीं. दर रविवारीं पडद्यावर भेट होते तेव्हां दोघेंहि आजोबांस मध्यें घालतात. आजोबा लिहितात, "मी पडलों जुना बी. ए., मला ह्यांतलें काय समजणार ? आपणच सांगा."

प्रश्न एका घरचा खरा. परंतु ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत. म्हणून उत्तर येथेंच देतों.

'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' ही योजना 'कॉलेज बोर्ड' ह्या अमेरिकन संस्थेनें १९५५ सालीं हातीं घेतली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय हायस्कुलांतच शिकवावयाचा, मे महिन्यांत देशभर एकच परीक्षा घ्यावयाची आणि १ पासून ५ पर्यंत गुण द्यावयाचे, असा तिचा परिपाठ आहे. ह्या गुणांवर पुढें कॉलेज क्रेडिट, म्हणजे हल्लीं आपल्याकडे ज्यांस श्रेयांक म्हणतात ते, देतें किंवा देत नाहीं. परीक्षा बोर्डाची, पण मर्जी कॉलेजची; आणि पहिली ठेंच येथेंच लागते. इलिनॉय राज्यानें २०१६ पासून आपल्या सरकारी विद्यापीठांस ३ गुणांवर क्रेडिट देणें कायद्यानें भाग पाडलें आहे. कॅलिफोर्नियांतील कॅल्टेक तें मुळींच देत नाहीं. मुलाचा पाया किती झाला आहे हें स्वतःची परीक्षा घेऊन पाहतें. एम्. आय्. टी. मध्यें कॅल्क्युलस बी. सी. ह्या परीक्षेंत ५ गुण असतील तर पहिल्या कॅल्क्युलसचें क्रेडिट मिळतें, पण रसायनशास्त्रांतल्या ५ गुणांस तेथें कांहींच मोल नाहीं. तेव्हां "सहा परीक्षा दिल्या" एवढ्यावरून कोणताहि हिशेब मांडतां येत नाहीं.

बरें, क्रेडिट मिळालें असें धरलें, तरी वेळ वांचतो असें नाहीं. वडिलांनीं बहुधा बेरीज केली असावी : पदवीला सुमारें सवाशें क्रेडिटें लागतात, त्यांतून तीस वजा केलीं कीं एक वर्ष सुटलें ! इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या पदवीला ही बेरीज कदाचित् चालेल. इंजिनिअरिंगचे विषय मात्र जपमाळेच्या मण्यांसारखे एकाच सूत्रांत ओंवलेले असतात. कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग विकलक समीकरणें. मेकॅनिक्स झाल्यावांचून स्थितिशास्त्र नाहीं, स्थितिशास्त्रावांचून गतिशास्त्र नाहीं. त्यापुढें यंत्ररचना, आणि शेवटीं वर्षभराचा प्रकल्प. कित्येक विषय तर वर्षांतून एकदांच शिकवितात. अमेरिकन इतिहासाचें, मानसशास्त्राचें, इंग्रजीचें क्रेडिट घेतल्यानें सत्र हलकें होतें ह्यांत शंका नाहीं, आणि तें अवश्य घ्यावें; पण त्यायोगें माळ एका मण्यानेंहि आंखूड होत नाहीं. ती आंखूड होते केवळ गणित व पदार्थविज्ञान ह्यांच्या क्रेडिटांनीं.

आणि पदार्थविज्ञानांत एक खांचखळगा आहे. ह्या विषयाच्या ए. पी. परीक्षा एकच नव्हेत. 'फिजिक्स १' व 'फिजिक्स २' ह्या बीजगणितावर भागविणाऱ्या. 'फिजिक्स सी' ही कॅल्क्युलसवर आधारलेली, व तिचे मेकॅनिक्स आणि वीज-चुंबकत्व असे दोन निराळे पेपर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा विषय कॅल्क्युलसवर चालतो, म्हणून बहुतेक कॉलेजें त्याच्या जागीं 'सी' च मानतात. 'फिजिक्स १' मध्यें ५ गुण मिळविणाऱ्या मुलाच्या पदरीं पुष्कळदां नुसतें नांवाचें क्रेडिट पडतें, जें पदवीच्या तक्त्यांत कोठेंच बसत नाहीं.

ह्याहून मोठी गोष्ट पायाची. आमच्या नात्यांतील एका मुलानें बी. सी. परीक्षेंत ४ गुण मिळविले. कॉलेजनें दोन कॅल्क्युलस माफ केले. घरांत पेढे वांटले गेले. तो थेट तिसऱ्यांत जाऊन बसला. हायस्कुलांत अनंत श्रेढींचा भाग शेवटच्या तीन आठवड्यांत घाईनें उरकलेला; परीक्षेपुरता तो आला, आणि उन्हाळ्याच्या सुटीबरोबर गेला. दुसऱ्या वर्षीं विकलक समीकरणांत तेंच प्रकरण दारांत उभें राहिलें. तो विषय पुन्हां घ्यावा लागला, गुणांची सरासरी उतरली, आणि सरासरीवर अवलंबून असलेली शिष्यवृत्ती गेली. वांचविलेल्याहून अधिक पैसे त्याच्या वडिलांनीं पुढल्या दोन वर्षांत भरले. मुलगा बुद्धीनें कमी नव्हता, हें आम्ही मुद्दाम सांगतों. आपल्याकडे डिप्लोमा होऊन थेट दुसऱ्या वर्षांत येणारीं मुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं; कार्यशाळेंत तीं इतरांच्या पुढें असतात, आणि गणिताच्या तासाला पहिल्या सत्रांत तोंड लपवितात.

तरीहि आम्ही आईच्या बाजूनें सरसकट कौल देत नाहीं. तिकडील एका वर्षाची फी म्हणजे आपल्याकडे एखादें बिऱ्हाड उभें राहण्याइतकी रक्कम. ती वांचविण्याची इच्छा हा कांहीं लोभ नव्हे. शिवाय ज्या मुलीला कॅल्क्युलस खरोखर आलें आहे तिला तेंच पुन्हां ऐकावयास बसविणें म्हणजे तिचा उत्साह मारणें होय. म्हणून प्रश्न परीक्षेनेंच सोडवावा. जो विषय सोडावयाचा, त्याची कॉलेजमधील जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवावी (पुष्कळ विभाग त्या उघड ठेवतात), आणि मुलीनें घड्याळ लावून, पुस्तक मिटून ती सोडवावी. सहज सुटली तर खुशाल पुढें जावें. अर्ध्यावर अडली, तर तो विषय पुन्हां घ्यावा. मिळालेलें क्रेडिट न वापरण्याची मुभा पुष्कळ कॉलेजें देतात, व त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. वडिलांनींहि शिष्यवृत्तीचा कागद पुन्हां वाचावा. ती आठ सत्रांची असेल, तर सहा सत्रांत पदवी घेऊन उरलेल्या दोन सत्रांचे पैसे सोडावे लागतात; आणि प्रत्येक सत्रांत ठराविक क्रेडिटें, बहुधा १२, घेतलीं नाहींत तर पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणना होत नाहीं.

आमचा स्वतःचा अंदाज विचाराल तर, तीन वर्षें कठीण, साडेतीन शक्य. सुटलेल्या त्या अर्ध्या वर्षांत एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करावी, किंवा एम्. एस्. चे एक-दोन विषय आधींच उरकावे. कित्येक विद्यापीठें दोन्ही पदव्यांचा पांच वर्षांचा जोडक्रम चालवितात.

आजोबांनीं येत्या रविवारीं नातीला एवढेंच विचारावें : "बाळ, फिजिक्स कोणतें दिलेंस, १ कीं सी ?" ती 'सी' म्हणाली, तर प्रश्नपत्रिका मागवावयास सांगावें. '१' म्हणाली, तर वडिलांच्या हिशेबाचा कागद पुन्हां एकदां मागून घ्यावा.