केसपेपरच्या खिडकीमागची उमेदवारी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मधुमेहाच्या ओपीडीत आमचे एक नेहमीचे रुग्ण आले होते, सोबत त्यांची मुलगी. वडिलांची गोळी बदलून झाली, केसपेपर हातात दिला, तरी ती उठेना. शेवटी म्हणाली, "सर, तुमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काही काम असेल तर मला इंटर्नशिप मिळेल का? पैसे नाही मिळाले तरी चालेल."

मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजला १२० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा दाखला हवा होता. तिने चार ठिकाणी विचारून पाहिले होते. दोघांनी अनुभव आहे का असे विचारून परत पाठवले. (अनुभव मिळावा म्हणूनच ती आली होती, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.) एकाने उत्तरच दिले नाही. चौथ्याने सांगितले की साडेतीन हजार भरा, यायची गरज नाही, दाखला मोबाइलवर येईल. वडील रिक्षा चालवतात. ते मला विचारत होते, "भरून टाकू का, डॉक्टरसाहेब? पोरीचं वर्ष तरी वाया जायचं नाही."

मी नको म्हटले. आमच्या व्यवसायात हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला आहे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेल्या मुलाला एक वर्ष इंटर्नशिप केल्याशिवाय कायम नोंदणी मिळत नाही. माझ्या त्या वर्षात मी जे शिकलो त्यातले निम्मे सिस्टरांनी शिकवले. शीर सापडत नसेल तर तळहाताच्या मागे कुठे बोट फिरवायचे, रात्री दोनला वरिष्ठांना उठवायचे की नाही, हे कुठल्याही पुस्तकात नव्हते. चूक केली की शेजारी उभे असलेले कोणीतरी हात धरत होते. जुन्या मराठीत याला उमेदवारी म्हणत. सुताराकडे, वकिलाकडे, छापखान्यात मुले उमेदवारी करायची. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांच्या नशिबी मात्र बहुतेक वेळा कागदच येतो, मग तो विकत घेतलेला असो की ओळखीने मिळवलेला.

मी वरिष्ठांची परवानगी घेतली, कॉलेजचे पत्र मागवले आणि तिला आमच्या नोंदणी विभागात बसवले. पहिल्या आठवड्यात आम्ही तिला जे काम दिले ते, खरे सांगायचे तर, वाईट होते. जुने केसपेपर बघून संगणकात टाकत बसायचे. सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर येणारे पोर सापडले की सगळ्यांना टायपिंग आठवते. ओपीडीच्या दारात उभे करून रुग्णांना क्यूआर कोड स्कॅन करायला लावणे हा त्याचाच दुसरा प्रकार. रुग्णांची सोय होते, ती व्हायलाही हवी, पण त्यातून संगणकाच्या विद्यार्थ्याला शिकायला काय मिळते?

दुसऱ्या आठवड्यात तिनेच एक प्रश्न आणला. एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी का आहेत? गायकवाड हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. खिडकीवरच्या माणसाला ऐकू येईल तसे तो लिहितो. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकून मोकळे. त्यामुळे आमच्या नोंदीत निम्मा तालुका नववर्षदिनी जन्मलेला. वय विचारले की लोक पन्नास, पंचावन्न, साठ असे गोल सांगतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मागच्या खेपेचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट एका नोंदीवर आणि आजची औषधे दुसऱ्या नोंदीवर जातात. मूत्रपिंड अधू झालेल्या मधुमेह्याला मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की बंद करायचे, हे त्या एका आकड्यावर ठरते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने १४ अंकी आभा क्रमांक दिला तो याच गोंधळावरचा एक उपाय म्हणून, पण क्रमांक काढलेला असणे आणि खिडकीवर तो आठवणे यांत अंतर आहे.

मग तिने निदानांचे कोड पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत प्रत्येक आजाराला कोड असतो. आर-५० म्हणजे कारण न कळलेला ताप, ए-९७ म्हणजे डेंग्यू. पावसाळ्यातल्या आमच्या नोंदींत जिकडेतिकडे आर-५०. तिने स्क्रीनसमोर बसून कारण शोधले. ताप टाइप केले की उघडणाऱ्या यादीत पहिले नाव तेच. सकाळी दोनशे रुग्ण समोर असलेला डॉक्टर पहिल्या नावावर बोट ठेवतो आणि पुढचा रुग्ण बोलावतो. मीही तेच करत होतो. नंतर रक्ताचा रिपोर्ट येतो, उपचार बदलतात, पण कोड बदलायला कोणी परत जात नाही. रुग्णाचे त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते साथीच्या हिशेबाचे. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. कोणत्या गावात काय वाढते आहे हे वेळेत कळावे, हा त्याचा हेतू. लॅबचा अहवाल वेगळ्या वाटेने जातो म्हणून आमचे निभावते. तरी एखाद्या वस्तीतून आठवड्यात दहा डेंग्यूचे रुग्ण आले आणि आमच्या पडद्यावर ते नुसता ताप म्हणून बसले, तर आमच्याच नोंदीतून ते आम्हाला दिसणार नाहीत.

स्क्रीनसमोर बसल्याशिवाय असले दोष दिसत नाहीत. याचे सर्वांत भयंकर उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण दिले. त्यांतले काही दगावले. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर शहरात ऑपरेटरने इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरण असे चुकून टाइप केले आणि लगेच सुधारले. पडद्यावर नुसते 'बिघाड ५४' असे उमटले. काय बिघडले ते कुठेच लिहिलेले नव्हते. कंपनीच्या अभियंत्यांना दोष सापडेना. तीन-चार आठवड्यांनी तिथेच दुसरा रुग्ण भाजला. तेव्हा त्या रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ ऑपरेटरला घेऊन यंत्रासमोर बसला आणि पुन्हापुन्हा तीच अक्षरे टाइप करून पाहत राहिला. सरावाने तिची बोटे वेगात चालत. दुरुस्ती साधारण आठ सेकंदांच्या आत झाली की प्रोग्रॅम गोंधळत होता. सावकाश टाइप करणाऱ्याला तो दोष दिसणेच शक्य नव्हते.

उद्या दवाखान्यांचे सॉफ्टवेअर लिहिणार आहेत ती मुले आज बीसीए, बीएस्सी, डिप्लोमाला आहेत. त्यांतल्या किती जणांनी ओपीडीची सकाळ पाहिली आहे? खिडकीसमोरची रांग, पाठीमागून ओरडणारा नातेवाईक, मध्येच जाणारे नेट, आणि आजाराचे नाव 'साखर' एवढेच सांगणारी आजी, हे सगळे पाहिलेला मुलगा फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना सक्तीचा करण्याआधी विचार करील.

आता दुसरी बाजू. ती आमची चूक आहे, म्हणून सांगतो. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, "सर, टीबीच्या यादीत आमच्या गल्लीतल्या एक काकू आहेत. मला हे कळायला नको होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होते. त्या बाईंच्या मुलीचे लग्न ठरत होते आणि आपल्याकडे टीबीचे नाव ऐकून मोडलेली लग्ने मी पाहिली आहेत. मुलगी शहाणी, घरी बोलली नाही. पण एका विद्यार्थिनीच्या शहाणपणावर आम्ही रुग्णाची अब्रू सोडून दिली होती. नावानिशी यादी तिच्यासमोर ठेवायलाच नको होती. त्या दिवसापासून तिला नाव, गाव, मोबाइल काढून टाकलेल्या नोंदी दिल्या. जिथे नाव लागतेच, तिथे आमचा कर्मचारी शेजारी बसला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याआधीही गुप्तता पाळणे डॉक्टरचे कर्तव्य होतेच. ते विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी समजावून, लिहून, सही घेऊन सांगायला हवे होते. मी तिला पासवर्ड कुठे मिळेल ते सांगितले होते आणि नेमके हे सांगायचे विसरलो होतो.

म्हणून मागणी अशी. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांनी दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांना ठरवून घ्यावे. त्यांना टायपिंगला न बसवता एक प्रश्न द्यावा: दुहेरी नोंदी कशा कमी होतील, औषधसाठा संपण्याआधी कसा कळेल, लॅबचा रिपोर्ट वॉर्डात पोचायला उशीर कुठे होतो. देखरेखीला एक नाव असावे, नुसता विभाग नको. आणि विद्यावेतन द्यावे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला दरमहा ६,००० पासून पदवीधराला १०,००० रुपयांपर्यंत विद्यावेतन ठरले. पण ती शिक्षण संपलेल्यांसाठी. शिकता शिकता काम करणाऱ्याला एसटीचे भाडेसुद्धा खिशातूनच घालावे लागते. फुकट काम करायला तयार असलेली मुलगी भेटली म्हणून मला आनंद झाला होता. पंधरा दिवसांनी कळले की ती दुपारचा डबा आणत नव्हती, घरी जाऊन चारला जेवत होती. मग मेसला सांगितले.

आणि कॉलेजांनीही दाखल्यावरचा शिक्का पाहण्याऐवजी मुलाला दहा मिनिटे समोर बसवून विचारावे, तिथे काय चुकत होते आणि तू काय केलेस? विकतचा दाखला पहिल्याच मिनिटाला उघडा पडेल.

तिने १२० तास भरले आणि वर आणखी तीन आठवडे आली. आडनावांच्या निरनिराळ्या स्पेलिंगांतून एकच माणूस ओळखणारा छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला. तो स्वतःहून काही जोडत नाही. 'हे दोघे एकच असावेत, पाहा' एवढे सांगतो आणि निर्णय आमच्या ऑपरेटरवर सोडतो. तसे तिने मुद्दाम ठेवले. दोन वेगळे गायकवाड चुकून एक झाले तर काय होईल, हे तिला मी समजावून सांगावे लागले नाही.

यंदा तिच्याच कॉलेजातून तीन मुलांची पत्रे आली आहेत. विद्यावेतनाचा प्रस्ताव मी वर पाठवला होता, तो 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत आला. पुन्हा पाठवला आहे. मुलांना सोमवारपासून यायला सांगितले आहे.