स्कॅनर नको, खबर हवी



पोलीस आणि अग्निशामक दलाची बोलणी ऐकवणारा हातातला डिजिटल स्कॅनर मागवावा, असे आपल्या कृष्णपुऱ्यातली काही तरुण मंडळी म्हणतात. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी लोक त्यात चॅनेल भरून ऐकतात, हे खरे. पण आपल्या देशात वायरलेस यंत्र बाळगायला परवाना लागतो. ही अट १९३३ च्या कायद्यापासूनची आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवरही नियम घातले. आम्ही बँकेतली माणसे, नियम मोडा असे सांगणार नाही.

मात्र तरुणांची तळमळ खोटी नाही. २०२३ च्या रामनवमीला इंदूरच्याच बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळून ३६ जण गेले. उद्या छत्र्यांजवळ कान्ह नदी चढली, तर ११२ वर आपण कळवू. पण आपल्याला वेळेवर कोण कळवणार? वस्तीत ध्वनिक्षेपकावर सूचना मिळावी, ही मागणी मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवू या.

आणि ज्या मुलांना रेडिओची खरी हौस आहे, त्यांनी परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढावा. तो बारा वर्षांपासून मिळतो. चोरून ऐकण्यापेक्षा हक्काने बोलणे बरे!