हेतूलाही हातकड्या?

मुळशी तालुक्यात एकीकडे टाटांचे धरण आहे, तर दुसरीकडे हिंजवडीची संगणकनगरी. शंभर वर्षांपूर्वी पहिल्यापायी मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. दुसरीच्या कचेऱ्यांतून आज जगभरची माहिती अहोरात्र वाहते आहे. जमीन असो वा ज्ञान, समाजाच्या निर्वाहाच्या साधनाभोवती कुंपण कोणी घालावे आणि ते ओलांडणाऱ्यास गुन्हेगार कोणी ठरवावे, हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. त्याचे आजचे रूप असे आहे : इंटरनेटवरून एखाद्या पुस्तकाची, चित्रपटाची वा शोधनिबंधाची फाईल इतरांना देण्याचा केवळ हेतू होता, एवढ्याच कारणाने माणसाला शिक्षा व्हावी काय?

हक्कधारी कंपन्यांच्या बाजूने युक्तिवाद होतो तो असा : फाईल एकदा सुटली की क्षणार्धात तिच्या लाखो प्रती होतात; मग नुकसान भरून निघत नाही; म्हणून कृतीची वाट न पाहता हेतू दिसताच कायद्याने हात टाकला पाहिजे. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो मान्य केला तर फौजदारी न्यायाचा पायाच उखडला जातो.

हेतू, तयारी, प्रयत्न आणि प्रत्यक्ष कृती या गुन्ह्याच्या चार पायऱ्या होत. पहिल्या पायरीवर सहसा शिक्षा नाही, आणि तिसरीपासून ती सुरू होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातीलच एक खटला आला होता. वसई भागातील खाडीकाठी रात्री चांदीच्या विटा उतरवल्या जात असताना आरोपी पकडले गेले. चांदी बोटीत चढेपर्यंत थांबण्याची गरज न्यायालयाने मानली नाही. चोरट्या निर्यातीचा प्रयत्न सिद्ध झाला, असाच निर्णय दिला. म्हणजे कायदा हतबल नाही. मात्र तेथेही शिक्षा झाली ती मनातील विचाराला नव्हे, तर तो विचार उघड करणाऱ्या आणि गुन्ह्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेल्या कृतीला. चांदीला जो न्याय, तो शोधनिबंधाला का नसावा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ६३ वे कलम हक्कभंग ‘जाणूनबुजून’ करणाऱ्यास शिक्षा सांगते. हा शब्द तेथे आला तो अजाणत्याला वाचवण्यासाठी. हेतू हे आरोपीचे संरक्षण होते. कृतीबरोबर तोही सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर होती. आता त्याच हेतूला कृतीच्या जागी बसवावयाचे म्हणजे ढालीची तलवार करणे होय. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमात या प्रवृत्तीची चाहूल लागते. फाईलचे कुलूप हक्कभंगाच्या ‘हेतूने’ तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग पुढे एकही प्रत कोणाच्या हाती पडलेली नसो. कुलूप अभ्यासासाठी तोडले की विक्रीसाठी, हे कायद्याने वेगळे मानले आहे खरे. पण तो फरक प्रथम वाचणार कोण? ठाण्यावरचा अंमलदार!

ही भीती काल्पनिक नाही. ६३ व्या कलमाखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे वॉरंटाविना अटक होऊ शकते. त्यात केवळ हेतू पुरेसा ठरला, तर खटला उभा राहण्यापूर्वीच शिक्षा भोगून होईल.

भीतीचा व्यापार कसा चालतो, हे २०१६ साली मुंबईत दिसले. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम निघाला आणि त्यांच्या जागी जी सूचना झळकू लागली, तिच्यात अशी फाईल नुसती पाहणे हाही गुन्हा ठरवून तीन वर्षे कैद व तीन लाख दंडाची धमकी होती. कायद्यातील कमाल दंड मात्र दोन लाखांचा! पाहणे हा गुन्हा नव्हे, गुन्हा बेकायदा वितरणात व जाहीर प्रदर्शनात आहे, असे सांगून न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती सूचना बदलावयास लावली. न्यायालयाने चूक सुधारली; पण तोवर कित्येकांच्या मनात धाक बसून गेला होता.

अमेरिकेत तर या तर्काने एक जीव घेतला. ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने विद्यापीठाच्या जाळ्यातून चाळीस लाखांहून अधिक शोधनिबंध उतरवून घेतले. ते त्याने कोणाला वाटले नव्हते. वाटण्याचा त्याचा इरादा होता, असे सरकारचे म्हणणे होते. आणि ज्ञान मुक्त करा, असे आवाहन करणारे २००८ चे त्याचे पत्रक हेतूचा पुरावा म्हणून पुढे आणले जाणार होते. निबंधांचा संग्रह चालवणाऱ्या संस्थेने त्याच्याशी आपला वाद मिटवला. सरकारने मात्र तगादा सोडला नाही. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. विचार मांडणे हाच एकदा पुरावा ठरला की पुढचा आरोपी प्रत्येक पत्रककार असतो, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. पुण्याला तरी याचे विस्मरण होऊ नये. १८९७ साली टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला होता; दंगा झाला की नाही, याला महत्त्व उरले नव्हते.

लेखक, संगीतकार, तंत्रज्ञ यांच्या श्रमाचे मोल बुडावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु त्यासाठी दिवाणी दावा आहे, भरपाई आहे. आणि नफ्यासाठी बनावट प्रतींचा धंदा मांडणाऱ्यास तुरुंगही आहे. शिवाय शोधनिबंधाचे अर्थकारणच निराळे आहे. तो बहुधा सार्वजनिक पैशातून लिहिला जातो, लेखकाला त्याचा मोबदला मिळत नाही आणि प्रकाशक तोच समाजाला परत विकतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा प्रकाशकांकडे जाणार आणि सरकारी संस्थांबाहेरचा विद्यार्थी तरीही दाराबाहेर! त्याने मित्राकडे निबंध मागितला तर हेतू संशयास्पद. जनतेचे ज्ञान जनतेलाच विकणाऱ्याचा हेतू मात्र कोणी तपासत नाही. हेतू नेहमी दुबळ्याचाच वाचला जातो.

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, तेव्हा त्यांनी आपला हेतू लपवला नव्हता. तो जाहीर करून, उघड कृती करून ते तुरुंगात गेले. कृतीचे उत्तरदायित्व स्वीकारणे हे सत्याग्रहाचे तत्त्व. मनावर पहारा बसवणे हे साम्राज्याचे. म्हणून मागणी स्पष्ट हवी : फौजदारी शिक्षा नफ्यासाठी केलेल्या वितरणापुरती व त्याच्या प्रत्यक्ष प्रयत्नापुरती मर्यादित करा, बाकी सारे दिवाणी न्यायालयाकडे सोपवा आणि सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना खुले करा. मुळशीची जमीन वाचली नाही. निदान मनाची जमीन तरी कंपन्यांच्या नावे संपादित होऊ देता कामा नये.