ओळखीचा सूर, अनोळखी नाव

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या पेठांत ज्या घरांमध्ये पहाटे रेडिओ लागत असे, त्या घरांतील ज्येष्ठांना आकाशवाणीची आरंभधून निराळी सांगावी लागत नाही. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे स्वर उमटले की दिवस सुरू होई. ती धून रचण्याचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आणि त्यांनी पियानो कन्चेर्टोही लिहिले, हे तर त्याहूनही थोड्यांना.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३४ मध्ये ते मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. झुबिन मेहता यांचे वडील, व्हायोलिनवादक मेहली मेहता हे त्यांचे सहवादक होते. १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा कॉफमन यांनी वाहिली.

भारतीय संगीत प्रथम कानी पडले तेव्हा ते त्यांना अगदी परके वाटले. परंतु जे संगीत असंख्य लोक मनापासून ऐकतात, त्यात उणीव असणे शक्य नाही. उणीव असेल तर आपल्या श्रवणात, असा विचार करून ते अभ्यासास बसले. त्या अभ्यासाचे फळ म्हणजे ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा १९६८ मधील ग्रंथ.

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १९४८ पासून कॅनडातील विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. कीर्ती लाभली ती संचालकाला आणि अभ्यासकाला. रचनाकार मात्र मागे राहिला. त्यांच्या कित्येक रचना हस्तलिखितांच्या रूपातच पडून राहिल्या.

कन्चेर्टोमध्ये एकटा पियानो संपूर्ण वाद्यवृंदाशी संवाद साधतो. आपल्याकडील सवाल-जवाबाची आठवण व्हावी, असे हे नाते. कॉफमन यांचा तिसरा पियानो कन्चेर्टो अलीकडे बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदासह एलिसावेता ब्लूमिना यांनी ध्वनिमुद्रित केला आहे. त्याच मुद्रणात त्यांची ‘इंडियन सिंफनी’ही आहे. देश गमावलेल्या माणसाने मुंबईत जे ऐकले, जपले आणि पुढे नेले, त्याची साक्ष आता कोणालाही घरबसल्या ऐकता येते.

दुकान वाढवून घरी परतल्यावर एखाद्या संध्याकाळी आजोबांनी नातवंडांना जवळ घेऊन आधी आकाशवाणीची धून ऐकवावी आणि मग हा कन्चेर्टो. पहिल्या श्रवणात तो परका वाटला, तर लगेच बंद करू नये. कॉफमन यांनी आपल्या संगीताला जी संधी दिली, तीच त्यांच्या संगीताला देणे हे आपल्याकडे राहिलेले देणे आहे.